तुझ्या पत्रातले डोळे

मुक्काम तिसरा
१० मार्च

भिंगराव,

गुडघा कसा आहे ते आधी कळव, बाकीचं मागाहून. निघायच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या शेजाऱ्याने चिठ्ठी आणून दिली, ‘गुडघ्याने दगा दिला, तू पुढे हो,’ तेव्हा मी मोज्यांच्या जोड्या लावत बसलो होतो. एकतीस वर्षं आपण टपालाच्या छाटणीखान्यात, गावोगावची पत्रं निवडत, शेजारशेजारच्या स्टुलांवर काढली. रिटायर झाल्यावर सात देवस्थानं एकत्र बघायची म्हणून दोन वर्षं नकाशे चाळले. आणि ऐन वेळी संप पुकारला कुणी, तर तुझ्या गुडघ्याने! युनियनवालेसुद्धा आधी नोटीस देतात रे.

असो. बस चांगली आहे. सगळे आपल्याच वयाचे, त्यामुळे दर तासाला थांबते. माणसं हसतमुख आहेत. ड्रायव्हर सगळ्यांना ‘तरुण मंडळी’ म्हणतो आणि कुणालाही राग येत नाही.

आजचं देवस्थान टेकडीवर. तीनशे बारा पायऱ्या. दगड लालभडक आणि दोन्ही अंगांना हिरवंगार गवत. सकाळच्या उन्हात तो लाल आणि तो हिरवा एकमेकांशी भांडतायत की काय असं वाटतं. वर वारा इतका, की एका आजीबाईंची छत्री उडाली ती थेट तिथल्या सेवेकऱ्याच्या डोक्यावर. तो म्हणाला, “देवाने मलाच ऊन लागू दिलं नाही.”

देवाकडे काय मागितलंस म्हणून विचारशील. हात जोडले आणि काही सुचलंच नाही. मग तुझ्या गुडघ्याचं सांगितलं.

उत्तर पहिल्या मुक्कामाच्या यात्री निवासाच्या पत्त्यावर पाठव. बसवाल्यांचं ऑफिस तिथेच आहे, ते पुढे पोचवतात.

तुझा
गठ्ठा


घर
१७ मार्च

गठ्ठ्या,

पत्र मिळालं. पाकिटावरचा शिक्का तिसऱ्या मुक्कामाचाच आहे, पण चौदा तारखेचा. पत्र दहाचं. ऑफिसात मला भिंग म्हणायचे ते उगाच नाही. तू, मिनिटाला चार गठ्ठे बांधणारा माणूस, लिहिलेलं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतोस? हातातलं टपाल उद्यावर टाकायचं नाही, हे तूच नव्या लोकांना दरडावून सांगायचास.

गुडघा उजवा. वाटीच्या डाव्या कडेला कळ उठते, साधारण सव्वा इंच वर चढते, थांबते आणि उतरते. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे जिना नाही, बस नाही, बराच वेळ उभं राहणं नाही. सगळं लिहून दिलंय. कागद आहे माझ्याकडे.

घरी ठीक म्हणायचं. ही आठवड्यातून तीनदा गाण्याच्या क्लासला जाते. परवा क्लास साडेपाचला सुटला आणि ही सहा चाळीसला आली. वाट अकरा मिनिटांची. विचारलं तर म्हणाली, “तुम्ही रिटायर झालात, मी नाही.” याचा अर्थ काय घ्यायचा? समोरच्या घरातून एक माणूस रोज दहा वाजता भरलेली पिशवी घेऊन जातो आणि बारा वाजता रिकाम्या हाताने येतो. पोस्टमन गल्लीच्या कोपऱ्यावर सात मिनिटं थांबतो, कशासाठी ते कळत नाही. मी नोंदी ठेवायला एक वही घातली आहे.

आता तुझं. माणसं हसतमुख आहेत म्हणतोस. चाळीस माणसं एकाच वेळी हसतमुख असली की कुठेतरी पाणी मुरतंय असं समजावं. कुणी कुठल्या कागदावर सही मागितली तर आधी माझ्याकडे पाठव. आणि फिरत्या माणसाची पत्रं पहिल्याच मुक्कामाच्या पत्त्यावर का? पुढच्या गावच्या पोस्टात ‘येईपर्यंत ठेवा’ असं लिहून पाठवता येत नाही? हे मी तुला शिकवायचं?

मी खाटेला खिळलेला माणूस. तेव्हा पुढच्या पत्रात हात आखडता घेऊ नकोस. जे जे बघशील ते सगळं लिही.

भिंग


मुक्काम पाचवा
२० मार्च

भिंगराव,

पत्र आहे की चौकशीची नोटीस! चार जणांना वाचून दाखवलं, सव्वा इंचापाशी सगळे हसले.

तुला सगळं हवं ना? मग घे. हे पाचवं देवस्थान तळ्याच्या मधोमध आहे, होडीतून जावं लागतं. तळं हिरवं आहे, पण एक हिरवं नाही. काठाला शेवाळी, मध्ये गर्द आणि देवळाची सावली पडते तिथे जवळजवळ काळं. होड्या तांबड्या. नावाड्यांचे शर्टही तांबडे, पण धुऊन धुऊन विटलेले, त्यामुळे होडी कुठे संपते आणि माणूस कुठे सुरू होतो ते लगेच कळतं. पलीकडच्या काठावर एक झाड आहे, त्याची अर्धी पानं हिरवी आणि अर्धी लाल. ऋतू अर्ध्यावर सोडून गेल्यासारखं. खाली बसलो आणि उठवेना.

होडीत कुणी बोलत नाही, तसा नियम आहे. आपली चाळीस तोंडं बंद! पाण्याचा आवाज, वल्ह्याचा आवाज. इतकी वर्षं शिक्के मारायच्या मशीनच्या खडखडाटात काढल्यावर ही शांतता सुरुवातीला कानाला टोचते. मग नाही टोचत.

यात्री निवासातली सामानाची खोली बघितली असतीस तर डोक्याला हात लावला असतास. दीडशे गाठोडी एकावर एक. म्हातारी माणसं तासतास आपली पिशवी शोधतायत. मी आपले खण पाडून दिले, तारीखवार. आता दोन मिनिटांत काम होतं. हात विसरत नाहीत बघ.

गुडघ्याला शेक दे.

गठ्ठा


घर
३ एप्रिल

गठ्ठ्या,

तुझी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बसलो आहे. अक्षर तुझं. शाई तुझी. शिक्के खरे, ज्या त्या गावचे. डोळे मात्र तुझे नाहीत.

तुला लाल आणि हिरवं यातला फरक दिसत नाही. कधीच दिसला नाही. हे जगात दोघांनाच माहीत आहे. तुझी बायको गेली तोवर तिलाही माहीत नव्हतं. आपल्याकडे आधी जाणाऱ्या थैलीला लाल लेबल आणि मागून जाणाऱ्या थैलीला हिरवं. ज्याला ते ओळखता येत नाही त्याला छाटणीत एक दिवस ठेवला नसता. म्हणून रोज सकाळी कामाआधी पाऊण तास येऊन मी लाल लेबलांचा एकेक कोपरा कात्रीने उडवायचो. एकतीस वर्षं. साहेब म्हणायचे, प्रेसवाले आळशी आहेत, कोपरे नीट कापत नाहीत. आपण दोघं मान हलवायचो.

आणि तू मला लिहितोस, शेवाळी, गर्द, तांबडं, विटलेलं तांबडं, अर्धी पानं हिरवी अर्धी लाल! इतर कुणाला लिहिलं असतंस तर खपून गेलं असतं. मलाच लिहिलंस.

म्हणजे ते तळं दुसऱ्या कुणीतरी बघितलं आणि तुला सांगितलं. आणि पत्र त्या गावी दुसऱ्या कुणीतरी टाकलं, म्हणूनच तारखेत आणि शिक्क्यात चार दिवसांचं अंतर. मग तू कुठे आहेस? तीन रात्री विचार करतोय. आजारी पडून कुठल्या दवाखान्यात आहेस आणि मला कळू द्यायचं नाही? की त्या हसतमुख लोकांनी देवाच्या नावाखाली तुला कुठे बसवून ठेवलंय आणि ते सांगतील तसं लिहून घेतात? की कुणी बाई आहे? बाई असेल तर सांग. मी काही बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण तुझ्याशीच.

दहा तारखेपर्यंत खरं उत्तर आलं नाही तर तुझ्या मुलाला कळवतो.

भिंग


मुक्काम पहिला
६ एप्रिल

भिंगराव,

पकडलंस. खोट्याच्या कपाळी गोटा. लाल-हिरव्याचं माझ्या ध्यानातच आलं नाही बघ. लोक सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्या शब्दांना माझ्यासाठी चव नाही, म्हणून खडेही लागले नाहीत.

मुलाला कळवू नकोस. दवाखाना नाही, बाई नाही, कुणी बसवूनही ठेवलेलं नाही. मी पहिल्या मुक्कामाच्या पुढे गेलोच नाही, एवढंच. बस इथे पोचली, रात्र काढली. सकाळी सगळे चढले आणि मी पायरीवरून परत उतरलो. ड्रायव्हरला म्हटलं, पोट बिघडलंय. शेजारची जागा रिकामी ठेवून सहा देवस्थानं करायची माझ्यात ताकद नव्हती. आणि घरी परत कुठल्या तोंडाने जाऊ? निरोपाच्या कार्यक्रमात माइकवरून सांगून बसलो होतो. तू तर जन्मभर हसला असतास.

म्हटलं एक दिवस राहू, मग बघू. दुसऱ्या दिवशी ती सामानाची खोली बघितली. ती इथलीच. आता मीच सांभाळतो. निवासाच्या व्यवस्थापक बाई कडक आहेत, तुला आवडतील, त्यांचाही कुणावर विश्वास नाही. सकाळी साडेसहाला प्रार्थना असते. मी मागच्या भिंतीला टेकून बसतो. तुला माहीत आहे, मी काही देवभोळा नाही. पण एकतीस वर्षं या वेळी मी घड्याळ बघत पळत होतो. आता कुणी बोलावत नाही, कुठे पोचायचं नाही, तरी उठून तिथे जाऊन बसावंसं वाटतं. याला काय म्हणतात मला माहीत नाही. पहिले चार दिवस तुझ्यावर रागावून बसायचो. आता नुसता बसतो.

परतीला यात्रेकरू पुन्हा इथेच उतरतात. मी त्यांना विचारतो, पुढे काय बघितलंत? माणसं इतकी जीव लावून सांगतात! ते लिहायचो, आणि पुढे निघालेल्यांकडे पाकीट द्यायचो, अमुक गावी टाका म्हणून. शिक्का तू बघणार हे मला ठाऊक होतं.

आता तुझी पाळी. खाटेला खिळलेल्या माणसाला क्लासची वाट अकरा मिनिटांची आहे हे कसं कळलं? पोस्टमन कोपऱ्यावर सात मिनिटं थांबतो, तो कोपरा तुझ्या खाटेवरून दिसतो? मी त्या दिवशी सकाळी बसमधून तुला बघितलं, भिंग. बॅग घेऊन आला होतास. स्टँडच्या पुलाच्या पायऱ्या दोन-दोन उतरत होतास. बसपासून वीस पावलांवर थांबलास, वर बघितलंस आणि वळलास. मी खिडकीतून हाका मारल्या. तू पळालास रे. गुडघा दुखणारा माणूस पळाला.

का?

पुढची बस एकोणीस तारखेला सकाळी त्याच स्टँडवरून निघते, संध्याकाळी इथे येते. वीसला मी तिच्यात चढणार आहे, तू असलास तरी आणि नसलास तरी. महिनाभर थांबलो, पुरे झालं. ड्रायव्हर तोच आहे. त्याने दोन जागा धरून ठेवल्यात.

गठ्ठा


घर
१० एप्रिल

गठ्ठ्या,

का म्हणून विचारतोस? सांगतो.

चिठ्ठी पाठवली, पण रात्रभर चैन पडली नाही. सकाळी बॅग उचलली. ही म्हणाली, “जा, जा, मागे वळून बघू नका.” आलो. वर बघितलं तर माझ्या जागेवर, खिडकीजवळ, एक माणूस ऐसपैस बसला होता आणि तू त्याच्या खांद्यावर हात टाकून हसत होतास. म्हटलं, बरं आहे. जागा रात्रीतून भरली. चिठ्ठी पोचून बारा तास झाले नाहीत आणि जोडीदार मिळाला. मी काय तिथे उभा राहून टाळ्या वाजवायच्या होत्या?

आता तू म्हणतोस जागा रिकामी होती. मग तो माणूस कोण? बसमधून उतरला असेल तर कुठे? तुझं एक खोटं मी पकडलंय, दुसरं कशावरून नाही?

त्या निवासाबद्दलही सांगतो. नवा माणूस आला, दोन दिवसांत त्याच्या हातात दीडशे लोकांचं सामान दिलं? तुझी काही चौकशी केली? नसेल तर एक तर त्या बाई भोळ्या आहेत, किंवा त्यांना फुकटचा हमाल हवा होता. कडक आहेत म्हणतोस, म्हणजे भोळ्या नाहीत. पुढचं तुझं तू समज.

मी येत नाही. खोट्याने सुरू झालेल्या प्रवासात अर्ध्यावर चढायची मला हौस नाही.

भिंग


मुक्काम पहिला
१३ एप्रिल

भिंगराव,

तो माणूस ड्रायव्हर होता.

खिडकीची काच अडकली होती. बंद खिडकीशी तुझा जीव गुदमरतो, म्हणून मी त्याला आणून तुझ्या जागेवर बसवला आणि जोर लावायला सांगितलं. काच उघडली म्हणून आम्ही हसत होतो. तुझी चिठ्ठी आली होती, पण मला वाटलं होतं तू येशील. तू आलासही. मी चुकलो नव्हतो.

आता खोटी उघडी पडतायतच तर माझं आणखी एक आहे. फार जुनं. बसून वाच.

सातव्या वर्षी प्रेस बदलली, आठवतं? तेव्हापासून लाल लेबलं जाड पुठ्ठ्यावर यायला लागली आणि हिरवी पातळ कागदावर. बोट लावलं की कळायचं. डोळे मिटून छाटली असती. मी ते सांगायला एका सकाळी लवकर आलो होतो. तू एकटाच बसला होतास, पुढ्यात लेबलांचा ढीग, हातात कात्री आणि तोंडाने गुणगुणत होतास. तू, गुणगुणत! त्या वर्षी तुझं बढतीचं पत्र दुसऱ्याला गेलं होतं आणि तू कुणाशी धड बोलत नव्हतास. मी दारातून परत फिरलो. मग सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. चोवीस वर्षं मी तुझा कोपरा बघितलेला नाही.

रागाव. पण एकोणीसला सकाळी सात वाजता.

गठ्ठा


मुक्काम पाचवा
२९ एप्रिल

गठ्ठ्या,

तू समोरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपला आहेस, म्हणजे झोपल्याचं सोंग करतो आहेस. कालपासून आपण बोलत नाही. तोंडाने मला जमत नाही, म्हणून लिहितोय. दुपारचे तीन वाजलेत. शिक्क्याची गरज नाही.

तुझं ते शेवटचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. चोवीस वर्षं रोज पाऊण तास, हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला. मी बायकोचा क्लास तपासला, पोस्टमन तपासला, साहेबांची सही भिंगाखाली धरली. आणि ज्याच्या शेजारी रोज आठ तास बसलो तो मला सांभाळून घेतोय, याची एकदाही शंका आली नाही. कुणी आपलं वाईट करतंय का एवढंच शोधायची सवय. दुसरं काही असू शकतं हे कलमच माझ्या नियमावलीत नव्हतं.

आणि माझंही एक खोटं राहिलंय. जागेवर माणूस दिसला म्हणून मी वळलो, हे खरं, पण पूर्ण खरं नाही. तो दिसला तेव्हा मला बरं वाटलं. घरापासून स्टँडपर्यंत मी कारणंच शोधत होतो. ढग आले होते, बॅगचा बंद ताणत होता, पुलावर एका कावळ्याने वाट अडवली म्हणून तीन मिनिटं थांबलो. मला भीती होती. ऑफिसात तुला माझी गरज होती, निदान मला तसं वाटत होतं. देवस्थानात कुठली लेबलं? तिथे तुला माझं काही काम नाही हे चार दिवसांत तुझ्या लक्षात येणार. त्यापेक्षा मी घरी बसून तुझ्या पत्रांची वाट बघितलेली बरी. कोल्हा पळाला तो द्राक्षं आंबट म्हणून नाही. द्राक्षं गोड निघाली तर काय, म्हणून.

एकोणीसला आलो कारण ही म्हणाली, “तुम्ही गेला नाहीत तर मी जाते.” आणि तिने खरंच बॅग भरायला घेतली होती.

आता कालचं.

सकाळी माझ्या बॅगच्या शिवणीला पांढरा दोरा दिसला. मूळ दोरा काळा. आपल्याकडे थैलीला वेगळा दोरा दिसला की अर्थ एकच, वाटेत थैली उघडली आहे. पंचनामा करा, सगळ्यांना थांबवा. मी तेच केलं. बस थांबवली, चाळीस जणांना खाली उतरवलं, बॅगा उघडायला लावल्या. ‘चोर या बसमध्येच आहे’ हे वाक्य मी दोनदा म्हणालो. तेव्हा त्या शिवण शिकवणाऱ्या रिटायर बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, “मीच उघडली हो. म्हणजे उघडली नाही, शिवली. उसवली होती, तुमचे मोजे रस्त्यावर पडले असते. काळा दोरा माझ्याकडचा संपला होता.” आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास, “भिंग, पुरे. आता बस कर.” एकतीस वर्षांत तू मला असं बोलला नव्हतास.

बाई तेव्हापासून एकट्याच बसतात. सगळ्यांशी बोलणाऱ्या बाई. काल जेवायलाही शेवटी आल्या.

आज सकाळी प्रार्थनेला मी मुद्दाम गेलो. तू पुढे होतास, तुला दिसलो नाही. मी डोळे उघडे ठेवून बसलो, कोण काय करतं ते बघायला. कुणीच काही करत नव्हतं. चाळीस माणसं डोळे मिटून बसली होती, पिशव्या बाजूला टाकून. मी त्यांना एवढं बोललो होतो तरी एकानेही पिशवी मांडीवर घेतली नव्हती. तिथे देव होता की नाही मला सांगता येणार नाही, माझं त्याच्याबद्दलही तपासणं चालू आहे. पण मला लाज वाटली, आणि त्या जागेत बसल्यावर ती घेऊन पळून जावंसं वाटलं नाही. एवढं नक्की.

बाईंची माफी मागायची आहे. मला फक्त अहवाल लिहिता येतात. मसुदा केला आहे, तपासून दे.

‘महोदया, दिनांक २८ रोजी घडलेल्या प्रकाराबाबत तपासाअंती असे आढळून आले की सदर शिवण आपण सद्हेतूने घातली होती. सबब झालेल्या गैरसमजाबद्दल अधोस्वाक्षरीकार दिलगीर आहे.’

भिंग

(याच कागदाच्या मागे)

भिंग्या,

मसुदा वाचला. फाडून टाक. त्या शिक्षिका आहेत, लाल शाईने दुरुस्त करून परत देतील आणि ती लाल आहे हे मला कळणारही नाही.

तुझं माझ्याकडे काही काम नाही, हे खरं आहे. सामान मी लावतो, तिकिटं ड्रायव्हर बघतो, देव त्याचं तो बघतो. तू नुसता शेजारी बस. त्यासाठीच जागा धरली होती.

बाई खाली बाकावर आहेत. तोंडाने सांग. मी झोपलोय.

गठ्ठा

(त्याखाली, पेन्सिलीने)

सांगितलं. नीट जमलं नाही. ‘सबब’ एकदा तोंडातून गेलंच. त्या रागावल्या आहेत की काय ते कळेना. मग म्हणाल्या, “तुमच्या बॅगचा दुसरा बंदही उसवत आलाय. काल बघितला होता, पण आता हात लावायची भीती वाटली. लावू का?”

बॅग वर येऊन घेऊन गेलो. तू घोरत होतास, या खेपेला खरंच. आतल्या वस्तू बाहेर काढून ठेवाव्यात असं जिन्यात एकदा वाटलं. नाही काढल्या. बाईंच्या मांडीवर ठेवून आलो, तशीच, भरलेली.

त्या म्हणाल्या, तासभर लागेल, तुम्ही फिरून या. तर मी तुझ्या पत्रातल्या त्या तळ्यापर्यंत जातोय. उठलास की ये.